ख्रिस्ती जीवनातील आज्ञापालन आणि बंडखोर वृत्ती : पंडिता रमाबाई व रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या संदर्भात

सारांश : ख्रिस्ती नीतिविचारात बंडखोर वृत्ती हा गंभीर दोष मानला जातो आणि श्रद्धावंताने ती टाळावी असे सांगितले जाते. तथापि प्रत्येक मतभेद म्हणजे बंड नव्हे. हा फरक स्पष्ट न झाल्यास आज्ञापालनाचा उपदेश प्रामाणिक प्रश्न दडपण्याचे साधन ठरू शकतो. प्रस्तुत लेखात बायबलमधील काही प्रसंग, मठजीवनाची परंपरा आणि महाराष्ट्रातील दोन थोर ख्रिस्ती व्यक्तींचे अनुभव यांच्या आधारे बंडखोर वृत्तीची लक्षणे आणि ती टाळण्याचे मार्ग स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : आज्ञापालन, बंडखोर वृत्ती, सदसद्विवेकबुद्धी, मतभेद, अधिकार.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत 'बंडखोर' हा शब्द आज बहुधा गौरवाने वापरला जातो. बंडखोर कवी, बंडखोर विचारवंत, रूढींविरुद्ध बंड करणारा सुधारक असे शब्दप्रयोग अध्यापकांच्या नित्य परिचयाचे आहेत. ज्या समाजाने जातिभेद, स्त्रीदास्य आणि परकीय सत्ता यांच्याविरुद्ध दीर्घकाळ झुंज दिली त्या समाजाच्या भाषेत या शब्दाला असे तेज प्राप्त व्हावे हे स्वाभाविकच आहे. याउलट ख्रिस्ती उपदेशात 'बंडखोर आत्मा' हा शब्दप्रयोग येतो तो दोष दाखविण्यासाठी. एकच शब्द एका परंपरेत भूषण आणि दुसऱ्या परंपरेत दूषण ठरतो, तेव्हा दोन्ही परंपरांत वावरणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसापुढे खरोखरच पेच निर्माण होतो. त्याने अन्यायाविरुद्ध बोलावे की मौन पाळावे? अधिकाऱ्याचे म्हणणे पटले नाही तर ते सांगणे हे पाप आहे काय?

हा पेच केवळ तात्त्विक नाही. पुणे आणि त्याच्या परिसरात तो प्रत्यक्ष जगला गेला आहे. धायरीहून सिंहगड रस्त्याने शहरात शिरल्यावर काही मैलांच्या अंतरावर गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचा परिसर लागतो. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांच्यातील जो ताण रमाबाईंनी अनुभवला, त्याची सुरुवात पुण्यातील परिचयांतून झाली आणि त्याची परिणती केडगावच्या कार्यात झाली. म्हणून या विषयाचा विचार येथील उदाहरणांच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

२. बायबलमधील बंडाचे स्वरूप

बायबलच्या जुन्या करारात बंडाची जी उदाहरणे येतात त्यांचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट लक्षात येते. बंड हे प्रामुख्याने कृतीत नसून हेतूत आणि रीतीत असते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातील शौल राजाची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. अमालेक्यांवरील मोहिमेत त्याला जी आज्ञा मिळाली होती ती त्याने बरीचशी पाळली, परंतु राजा अगाग आणि उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली. शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा शौलाने प्रथम आपण आज्ञा पाळल्याचे सांगितले, मग लोकांवर दोष ढकलला आणि अखेरीस ही जनावरे यज्ञासाठीच राखल्याची सबब पुढे केली. शमुवेलाने या वर्तनाला बंड म्हटले आणि त्याची बरोबरी शकुनविद्येच्या पापाशी केली. येथे लक्षात घेतले पाहिजे की शौलाने उघड विरोध केलाच नव्हता. त्याचे बंड अर्धवट आज्ञापालनाच्या आड लपलेले होते. दोष कबूल केल्यानंतरही वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखला जावा अशीच त्याची विनवणी होती.

गणनाच्या सोळाव्या अध्यायात कोरह, दाथान आणि अबीराम यांचे बंड येते. कोरहाचा युक्तिवाद वरवर पाहता समतेचा होता. सर्व मंडळी पवित्र असताना मोशे आणि अहरोन यांनी स्वतःला श्रेष्ठ का मानावे, असे तो विचारतो. परंतु मोशेच्या उत्तरावरून दिसते की लेवी म्हणून मिळालेल्या सेवेवर समाधान न मानता त्याला याजकपदही हवे होते. शब्द सर्वांसाठी, हेतू मात्र स्वतःसाठी, ही विसंगती येथे उघड होते. अबशालोमाचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तो वेशीपाशी उभा राहून फिर्यादी लोकांना गाठत असे, तुमची बाजू खरी आहे पण ऐकणारा कोणी नाही असे सांगत असे आणि आपण न्यायाधीश असतो तर न्याय केला असता असे सुचवीत असे. दावीद राजासमोर त्याने कोणतीही तक्रार मांडली नाही. लोकांच्या खऱ्या दुःखाचा त्याने स्वतःच्या सत्तेसाठी उपयोग केला. कोणत्याही संस्थेत, अगदी महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षातही, अशी सहानुभूती ओळखीची वाटावी.

याच ग्रंथांत मतभेदाची मान्यताप्राप्त उदाहरणेही आहेत. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची कथा येते. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या बहिणींच्या पित्याला पुत्र नव्हता आणि त्यामुळे त्याचा वाटा कुळातून नाहीसा होणार होता. त्या मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आम्हांला वतन का मिळू नये असे त्यांनी विचारले. आपला पिता कोरहाच्या टोळीत नव्हता हेही त्यांनी आवर्जून सांगितले. म्हणजे आपली मागणी आणि कोरहाचे बंड यांतील भेद त्यांना स्वतःलाच ठाऊक होता. मोशेने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे मांडले आणि त्या योग्य बोलतात असा निर्णय मिळाला. पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशाचे वतन वंशातच राहावे म्हणून त्यांच्या विवाहावर मर्यादा घालण्यात आली. तीही त्यांनी स्वीकारली. मागणी उघड, योग्य व्यासपीठावर, कारणासह आणि निर्णय मानण्याच्या तयारीने केलेली आहे. नव्या करारातही पौलाने अंत्युखियात पेत्राला त्याच्या तोंडावर विरोध केल्याचे गलतीकरांस पत्रात नमूद आहे. मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानावी ही प्रेषितांची भूमिकाही सर्वश्रुत आहे. मात्र ती भूमिका घेणाऱ्या प्रेषितांनी फटके सोसले, सभेविरुद्ध जमाव उठविला नाही.

३. मठजीवनाची परंपरा

ख्रिस्ती मठांमध्ये आज्ञापालन हे व्रत मानले जाते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने पाश्चात्त्य मठजीवनाला वळण दिले. या नियमावलीत कुरकुर या दोषावर वारंवार आघात केलेला आहे. आज्ञा पाळताना मनात कुरकुर असेल तर ते पालन निष्फळ ठरते असे तेथे मानले आहे. परंतु याच नियमावलीच्या अडुसष्टाव्या प्रकरणात एक महत्त्वाची सोय आहे. एखाद्या संन्याशाला अशक्य वाटणारी आज्ञा मिळाली तर त्याने ती प्रथम सौम्यपणे स्वीकारावी आणि भार खरोखरच शक्तीबाहेरचा वाटल्यास योग्य वेळी, शांतपणे, अहंकार वा हट्ट न दाखविता आपली अडचण वरिष्ठांना सांगावी. त्यानंतरही वरिष्ठ आपल्या मतावर ठाम राहिल्यास प्रेमाने आज्ञा पाळावी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही मनुष्याच्या अधिकाराला मर्यादा असतात आणि श्रेष्ठ अधिकाराच्या विरुद्ध जाणारी आज्ञा बंधनकारक नसते असे प्रतिपादन केले.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, गप्प राहून मनात धुमसणे हे नम्रतेचे नव्हे तर बंडाचेच रूप आहे. दुसरा, आपली अडचण स्पष्टपणे सांगणे हा आज्ञापालनाचाच भाग आहे. शिवाय व्रतबद्ध संन्यासिनीचे आज्ञापालन आणि सामान्य बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीचे आज्ञापालन यांत अंतर आहे. संन्यासिनी स्वखुशीने स्वतःची इच्छा मठप्रमुखाच्या स्वाधीन करते. सामान्य श्रद्धावंताने असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. या अंतराकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते ते रमाबाईंच्या उदाहरणातून दिसते.

४. रमाबाई आणि वाँटेज

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 'स्त्रीधर्मनीती' हा ग्रंथ लिहिला. हंटर आयोगासमोरही त्यांनी साक्ष दिली. पुण्यात त्यांचा परिचय सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या भगिनींशी आणि फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी झाला. १८४८ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे स्थापन झालेल्या या संघाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात कार्य करीत होत्या. १८८३ मध्ये रमाबाई कन्या मनोरमेसह वाँटेजला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात राहून शिकल्या आणि तेथे संस्कृतही शिकवू लागल्या.

त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि त्या यांच्यातील मतभेद १८८४–८५ मध्ये तीव्र झाले. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केला आणि तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वादाचे विषय अनेक होते. त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चचे मतांगीकार जसेच्या तसे स्वीकारण्यास रमाबाईंची बुद्धी तयार नव्हती. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, तर संस्कृत अक्षरे का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मत मुंबईचे बिशप मिल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी दिले. असे केल्यास भारतात त्यांच्याविषयी गैरसमज होईल अशी त्यांना भीती होती. ज्या स्त्रीने भारतभर विद्वानांच्या सभांत शास्त्रार्थ केला होता, तिच्याविषयीचा हा निर्णय तिला न विचारता घेतला गेला याचे रमाबाईंना विशेष दुःख झाले. मनोरमेच्या संगोपनाचा आणि धार्मिक शिक्षणाचा प्रश्नही होताच.

सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात अहंकार आणि स्वेच्छाचार दिसला. त्यांच्या आरोपात दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. त्या स्वतः आज्ञापालनाच्या व्रतात वाढलेल्या होत्या आणि त्या व्रताचीच मोजपट्टी त्यांनी एका अशा स्त्रीला लावली जिने ते व्रत घेतलेच नव्हते. रमाबाईंनी उत्तरात सांगितले की, आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आणि निर्णयशक्ती आहे, देवाने दिलेल्या या शक्तीचा त्याग करणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. हिंदू पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसरे तसलेच जोखड त्या मानेवर घेण्यास तयार नव्हत्या. आपला बाप्तिस्मा एखाद्या विशिष्ट पंथात नव्हे तर ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र वेगळा मार्ग पत्करला. त्यांनी रमाबाईंच्या शंका दडपल्या नाहीत, पत्रांतून त्यांच्याशी धर्मसिद्धांतांची चर्चा केली.

हे बंड होते काय? पूर्वी पाहिलेले निकष लावल्यास उत्तर नकारार्थी येते. रमाबाईंनी आपला विरोध संबंधित व्यक्तींनाच कळविला. त्यांनी वाँटेजच्या भगिनींविरुद्ध वेगळा गट उभारला नाही. त्यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा सोडली नाही आणि मार्गदर्शकांशी असलेले नातेही तोडले नाही. अमेरिकेतील वास्तव्याच्या काळात मनोरमेला त्यांनी पुन्हा वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली ठेवले आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहारही पुढे चालू ठेवला. जिच्या मताला आपण ठामपणे नकार दिला तिच्याच हाती स्वतःचे मूल सोपविणे हे द्वेषाने भरलेल्या मनाला शक्य नसते. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागते की रमाबाईंच्या काही पत्रांची भाषा तिखट आहे आणि ती वाचणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना वेदना झाल्या असाव्यात. मतभेद न्याय्य असला तरी शब्दांची जबाबदारी उरतेच.

५. अधिकाराच्या जागी आल्यावर

जो आज्ञेला प्रश्न विचारतो तो स्वतः आज्ञा देण्याच्या जागी आल्यावर कसा वागतो यावरून त्याच्या वृत्तीची खरी पारख होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास आले. हिंदू विधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्मप्रचार होणार नाही अशी भूमिका होती आणि न्यायमूर्ती म. गो. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्याने वाद उद्भवला आणि १८९३ मध्ये या सल्लागारांनी राजीनामे दिले. या प्रकरणात सल्लागारांची बाजूही उपेक्षणीय नाही. दिलेल्या शब्दाच्या मर्यादेविषयी त्यांना प्रामाणिक शंका होती आणि त्यांनी ती कारणे देऊन व्यक्त केली. पटेनासे झाल्यावर पद सोडणे हाही मतभेदाचा सन्माननीय मार्ग आहे. रमाबाईंची बाजू अशी होती की प्रार्थनेच्या खोलीचे दार आपण कोणासाठी बंद केले नाही आणि कोणाला बोलावलेही नाही. दोन प्रामाणिक भूमिकांचा हा संघर्ष होता. त्यात एका बाजूस बंडखोर ठरविणे उचित होणार नाही.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुलींना आणले आणि केडगाव येथे मुक्ती सदन आकारास आले. १९०५ मध्ये तेथे धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत. पाश्चात्त्य शिस्तीची सवय असलेल्या काहींना हा गोंधळ वाटला आणि त्यावर टीकाही झाली. त्या वेळी सर्व सूत्रे रमाबाईंच्या हाती होती. तरीही या मुलींची भक्ती परकीय साच्यात बसविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. वीस वर्षांपूर्वी क्रुसावरील अक्षरांविषयी त्यांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर त्यांनी येथे आपल्या आचरणातून दिले. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य त्यांनी आपल्या अधिकाराखालील मुलींनाही दिले. कोरहाच्या आणि रमाबाईंच्या मागणीतील अंतर येथे स्पष्ट होते.

६. ना. वा. टिळकांचा राजीनामा

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते म्हणून त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे दीर्घकाळ सेवा केली. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे अभंग, भजन आणि कीर्तन ही ख्रिस्ती उपासनेचीही स्वाभाविक रूपे आहेत, असे ते मानीत. परदेशी मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती यांचे नाते देणाऱ्या-घेणाऱ्याचे न राहता बंधुत्वाचे व्हावे, अशी त्यांची तळमळ होती. पगारी सेवेच्या व्यवस्थेत भारतीय मंडळी स्वावलंबी होत नाही हे त्यांना खुपत होते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, साताऱ्यास वास्तव्य केले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तानुयायांचा हा बंधुसंघ असावा, असा त्यांचा मानस होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांच्या विचाराचा प्रभाव मात्र राहिला. टिळकांचे चरित्रकार रेव्हरंड जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे पुण्यात आलेल्या या आश्रमाने भारतीय वेश, साधे जीवन आणि भारतीय-युरोपीय बंधुत्व यांचा पुरस्कार केला.

टिळकांची रीत येथे विचारात घेण्याजोगी आहे. मिशनच्या पगारावर राहून मिशनला आतून पोखरण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध होता. आहे त्या मंडळीत फूट पाडून अनुयायांसह बाहेर पडणेही अशक्य नव्हते, कारण त्यांची लोकप्रियता मोठी होती. त्यांनी यांपैकी काहीही केले नाही. ज्या व्यवस्थेशी मतभेद होता तिचे लाभ प्रथम सोडले आणि मग आपली वाट धरली. या निर्णयाची किंमत त्यांच्या कुटुंबालाही मोजावी लागली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तून टिळकांच्या निःसंगपणाचा संसारावर पडणारा भार वाचकांना परिचित आहे. म्हणून सदसद्विवेकाचा निर्णय घेताना त्याची झळ इतर कोणाला लागणार याचा विचार करणे हेही नैतिक कर्तव्य ठरते.

७. बंडखोर वृत्ती कशी ओळखावी आणि टाळावी

वरील विवेचनावरून काही कसोट्या सांगता येतात. त्या इतरांना तोलण्यासाठी नसून आत्मपरीक्षणासाठी आहेत.

पहिली कसोटी व्यासपीठाची. तक्रार संबंधित व्यक्तीसमोर मांडली जाते की तिच्या पाठीमागे? सलाफहादाच्या मुली सभामंडपाच्या दारी उभ्या राहिल्या. अबशालोम वेशीपाशी उभा राहिला. दुसरी कसोटी हेतूची. मागणी मान्य झाल्यास लाभ कोणाचा होणार? उत्तर केवळ 'माझा' असे असेल तर कोरहाची आठवण ठेवावी. तिसरी कसोटी सत्याची. आपला दोष दाखविला गेल्यावर तो मान्य होतो, की शौलाप्रमाणे लोकांवर, परिस्थितीवर वा धार्मिक कारणावर ढकलला जातो? चौथी कसोटी किमतीची. आपल्या मताची किंमत आपण स्वतः देण्यास तयार आहोत की इतरांनी द्यावी अशी अपेक्षा आहे? पाचवी कसोटी नात्याची. मतभेदानंतरही त्या व्यक्तीच्या हिताची प्रार्थना करता येते काय? सहावी कसोटी उलट बाजूची. उद्या आपण अधिकाराच्या जागी बसलो तर आज आपण मागतो ते स्वातंत्र्य आपल्या हाताखालच्यांना देऊ काय?

या कसोट्या लावण्यासाठी थोडा अवधी लागतो आणि हा अवधी घेणे हाच बंडखोर वृत्ती टाळण्याचा पहिला उपाय होय. रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र ठेवून पुन्हा वाचावे. विश्वासू आणि तटस्थ व्यक्तीचा सल्ला घ्यावा. आपल्याच बाजूने बोलणाऱ्याचा नव्हे. ज्या बाबतीत आज्ञा योग्य आहे तेथे ती मनापासून पाळावी, म्हणजे जेथे नकार द्यावा लागेल तेथे त्या नकाराला वजन येते. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना ख्रिस्ती परंपरेत आज्ञापालनाचा आदर्श मानली जाते. त्या प्रार्थनेत दुःखाचा प्याला टळावा ही इच्छा लपविलेली नाही. ती प्रथम स्पष्टपणे बोलून दाखविली आहे आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेचा स्वीकार आहे. मनातील नकार न बोलता केलेली शरणागती आणि तो बोलून केलेली शरणागती यांत महदंतर आहे.

८. अधिकाऱ्यांची जबाबदारी

या विषयावरील उपदेश बहुधा अधीन व्यक्तीलाच केला जातो. परंतु बंडखोर वृत्ती पुष्कळदा न ऐकणाऱ्या अधिकारातून जन्मास येते. अबशालोमाला वेशीपाशी श्रोते मिळाले याचे एक कारण असे की फिर्याद घेऊन येणाऱ्यांना कोणीतरी ऐकून घ्यावे अशी गरज होती. मोशेने मात्र पाच बहिणींच्या प्रश्नावर स्वतःचा निर्णय लादला नाही, तो प्रश्न आपल्याहून वरच्या अधिकारापुढे नेला. आपल्या निर्णयाचीही चूक निघू शकते, हे मान्य करणारा अधिकारीच इतरांकडून आज्ञापालनाची अपेक्षा करू शकतो. प्रश्न विचारणाऱ्यास लगेच 'बंडखोर' ठरविणे सोपे असते, कारण त्यामुळे प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील या दोघीही रमाबाईंच्या हितचिंतकच होत्या. एकीने प्रश्नात प्रामुख्याने गर्व पाहिला, दुसरीने प्रश्नच पाहिला. शिक्षणक्षेत्रातील व्यक्तींसाठी हा फरक विशेष बोधप्रद आहे.

९. समारोप

ख्रिस्ती जीवनात बंडखोर वृत्ती टाळावी या उपदेशाचा अर्थ मतभेद टाळावा असा नाही. मतभेद उघडपणे, योग्य ठिकाणी, स्वतः किंमत देऊन आणि नाते न तोडता व्यक्त करावा असा त्याचा अर्थ होय. शौलाने वरवर आज्ञा पाळली आणि तो बंडखोर ठरला. सलाफहादाच्या मुलींनी प्रचलित नियमाला प्रश्न विचारला आणि त्या योग्य ठरल्या. रमाबाईंनी बिशपांचे म्हणणे नाकारले, टिळकांनी मिशनची सेवा सोडली, तरी दोघांनीही आपली श्रद्धा अखेरपर्यंत जपली आणि मराठी ख्रिस्ती समाजाला नवी वाट दाखविली. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथाच्या अर्थावरून आपल्या मार्गदर्शकांशी त्यांचा वाद झाला, त्याच ग्रंथाच्या सेवेत त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. सदसद्विवेकाने दिलेला नकार आणि बंडखोर वृत्तीने दिलेला नकार उच्चारताना सारखेच वाटतात. त्यांतील भेद त्या नकारानंतरच्या आयुष्यात दिसून येतो.